करवंटीच्या कार्बनची २५ किलोची गोणी: चौदा महिने वापरल्यावर

पाण्याच्या फिल्टरमध्ये भरतात तो हा कार्बन, करवंटीच्या कोळशापासून केलेला. माल चांगला आहे. पुन्हा लागला तर हाच घेईन. पण दुकानात तो ज्या तऱ्हेने दाखवून विकतात ती तऱ्हा साफ चुकीची आहे. ती बघून निम्मी गिऱ्हाइकं भलतीच गोणी उचलून घरी नेतात, म्हणून हे लिहायला बसलोय.

आधी घरचं सांगतो. आम्ही गोव्यात मयेला राहतो. नळ आहे, विहीरही आहे. नळाच्या पाण्याला काही दिवस क्लोरिनचा इतका वास येतो की सूनबाईने केलेला चहा तिनेच बेसिनमध्ये ओतलाय. विहिरीने मे अखेरीस तळ गाठला की पाण्याला कुजलेल्या पानांचा दर्प येतो. म्हणून नऊ वर्षांपूर्वी गच्चीवर पाणी गाळायला कार्बन भरलेली फायबरची उभी टाकी बसवून घेतली. दहा इंच व्यास, चोपन्न इंच उंची, वर व्हॉल्व्ह. दर वर्षी एका सर्व्हिसवाल्यांचा माणूस यायचा, पावतीवर ‘मीडिया चेंज’, म्हणजे आतला कार्बन बदलला, असं लिहायचा आणि साडेसहा हजार घेऊन जायचा. मी खाली पेपर वाचत बसायचो.

आता गंमत अशी की मी सत्तावीस वर्षं औषधांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होतो. कार्बन हा माझ्या रोजच्या कामातला पदार्थ. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. दोन वर्षांपूर्वी सहज गच्चीवर गेलो, तर त्या माणसाने वरून दोन बादल्या जुना माल काढला, वर दोन बादल्या नवा ओतला आणि झाकण लावलं. खालचा अर्धा थर बहुधा पहिल्या वर्षापासून तसाच होता. त्याला चहा दिला, पैसे दिले आणि पुढच्या वर्षी येऊ नका म्हणून सांगितलं.

गेल्या वर्षी मे महिन्यात एका शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला गेलो होतो. मिरच्या, सुकी मासळी, सगळं हिच्या यादीप्रमाणे घेऊन झाल्यावर पाण्याच्या फिल्टरचं सामान विकणाऱ्या दुकानात शिरलो. दुकानाचं नाव लिहीत नाही. माल त्यांनी बनवलेला नाही, ते नुसते विकतात, आणि माणूस तसा सरळ आहे. काउंटरवर काचेचे दोन ग्लास, दोन्हीत पाणी, पाण्यात निळ्या शाईचे थेंब. पहिल्या ग्लासात त्याने एका पिशवीतली काळी भुकटी चमचाभर टाकली, ढवळली, फिल्टर पेपरमधून गाळली. पाणी लख्ख. दुसऱ्यात करवंटीच्या कार्बनचे दाणे टाकले. पाच मिनिटं गेली, दहा गेली, पाणी निळंच.

“बघा भाई, आता तुम्हीच सांगा,” तो म्हणाला. भुकटी ९५ रुपये किलो, दाणे १५० रुपये. माझ्या पुढच्या गिऱ्हाइकाने काहीही न विचारता भुकटीची पिशवी घेतली. बिचारा. ती भुकटी टाकीत घातली की दुसऱ्या दिवशी ती नळातून भांड्यांत येणार.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण सगळी गफलत या दोन ग्लासांत आहे.

कार्बनचं काम त्याच्या भोकांत चालतं. ही भोकं डोळ्यांना दिसत नाहीत. चांगल्या कार्बनच्या एका ग्रॅममध्ये आतल्या सगळ्या भिंतींचं क्षेत्रफळ मिळून हजार चौरस मीटरच्या आसपास भरतं. आपण गोव्यात प्लॉट चौरस मीटरने मोजतो, त्यामुळे पटकन कळेल: चिमूटभर काळ्या पुडीत एक ऐसपैस प्लॉट. पण सगळ्या कार्बनची भोकं सारखी नसतात. करवंटी घट्ट, तिची भोकं बहुतेक दोन नॅनोमीटरच्याही आतली. त्यांत वास आणि चव बिघडवणारे लहान रेणू अडकतात. लाकडाच्या भुश्यावर फॉस्फोरिक आम्ल घालून भाजलेल्या कार्बनची भोकं मोठी. रंगाचे रेणू दांडगे असतात, ते त्यांत मावतात. कारखान्यात औषधाच्या द्रावणाचा पिवळेपणा घालवायला आम्ही कार्बन टाकायचो, त्याला चारकोलायझेशन म्हणत. त्या दिवशी लंचला हात कितीही धुवा, नखांत काळं राहायचंच. तिथे भुकटीच वापरायची आणि तिथे तीच बरोबर होती. आमचे सिनियर म्हणायचे, रंगाला लाकूड, वासाला करवंटी.

शिवाय भुकटी दाण्यापेक्षा नेहमीच वेगाने काम करते, कारण रेणूला आत शिरायला लांब चालावं लागत नाही. म्हणजे शाईच्या ग्लासात करवंटीचे दाणे हरणार हे आधीच ठरलेलं. आंब्याच्या झाडाला फणस का लागत नाहीत, असं विचारण्यातलाच तो प्रकार.

करवंटीच्या कार्बनची खरी परीक्षा आयोडीनची. आयोडीनचा रेणू लहान, बारीक भोकांत बरोबर बसतो. एक ग्रॅम कार्बन किती मिलिग्रॅम आयोडीन धरून ठेवतो, तो आकडा म्हणजे आयोडीन नंबर. माझ्या गोणीच्या चिठ्ठीवर १००० लिहिलं होतं. भाचा कॉलेजच्या प्रयोगशाळेत आहे, त्याला पुडी बांधून दिली. त्याने तीनदा टायट्रेशन केलं आणि सरासरी ९३० कळवली. थोडी कमी, पण नाव ठेवण्यासारखी नाही. पिण्याच्या पाण्याला ९०० च्या वर असलं तर मी तक्रार करत नाही. तक्रार आहे ती ओलीची. शंभर ग्रॅम तोलून ओव्हनमध्ये १५० अंशांवर तीन तास ठेवले, उरले ९४. म्हणजे पंचवीस किलोच्या गोणीत दीड किलो पाणी मी दीडशे रुपये किलोने विकत घेतलं. गोणी नीट शिवलेली होती, पण आत प्लॅस्टिकचं अस्तर नव्हतं, आणि आपल्याकडची हवा माहीत आहेच. बनवणाऱ्यांनी दोन रुपयांची पिशवी आत घालावी.

दीडशे रुपये महाग का, हे मला हिनेच विचारलं. “करट्या तर आपण न्हाणीत जाळतो,” असं. तिचं म्हणणं रास्त आहे. तेव्हा घरीच करून दाखवायचं ठरवलं. तेलाचा रिकामा पंधरा किलोचा डबा घेतला, झाकणाला खिळ्याने एक भोक पाडलं, आत एक किलो सुक्या करट्या फोडून भरल्या आणि डबा न्हाणीच्या चुलीत आडवा ठेवला. आधी भोकातून पांढरा धूर, मग पिवळट, डोळ्यांत जाईल असा. तासाभराने धूर निळसर पातळ झाला, त्याला काडी लावली तर तो भोकाशीच पेटला. ज्योत विझली तेव्हा भोक चिखलाने बुजवलं आणि डबा रात्रभर तसाच ठेवला. घाईने उघडला तर आतला कोळसा हवा लागताच पेटतो.

सकाळी डब्यात २८० ग्रॅम कोळसा निघाला. करटीचा चांगला कोळसा हातात घेतला की कळतो: हाताला फार काळं लागत नाही, फरशीवर टाकला की काशाच्या वाटीसारखा वाजतो आणि तुटलेली कड काळ्या काचेसारखी चमकते. हिने एक तुकडा फरशीवर दोनदा वाजवून बघितला. मग मी तो कुटून, चाळून आयोडीनच्या पाण्यात टाकला. औषधाच्या दुकानातलं टिंक्चर, ग्लासभर पाण्यात दहा थेंब. गोणीतल्या तेवढ्याच कुटलेल्या कार्बनने पाणी अर्ध्या तासात नितळ केलं. माझ्या कोळशाच्या ग्लासात दुपारपर्यंत चहाचाच रंग.

कारण कोळसा म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बन नव्हे. कोळशात भोकं असतात, पण डांबराने बुजलेली आणि अर्धवट. तो पुढे फिरत्या भट्टीत ९०० अंशांच्या आसपास तापवून त्यावर पाण्याची वाफ सोडतात. वाफ कोळसा आतून खाते, त्याचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन होऊन निघून जातो, आणि खाल्लेल्या जागी भोक उरतं. एक वायू विषारी, दुसरा स्फोटक, तेव्हा हा भाग घरी करू नका. यूट्यूबवर लिंबाचा रस घालून कार्बन करणारे आहेत, त्यांचा तो धुतलेला कोळसा असतो. कोळसा रंग धरतो हे सेंट पीटर्सबर्गच्या लोविट्झ नावाच्या औषधवाल्याने १७८५ साली टिपून ठेवलं. वाफेने तो जागा करण्याचं पेटंट ऑस्ट्रेयकोने घेतलं १९०० च्या सुमारास. मधली शंभरेक वर्षं गेली ती काही लिंबं नव्हती म्हणून नव्हे.

आता हिशेब. शंभर किलो करट्यांतून साधारण तीस किलो कोळसा. तीस किलो कोळशातून, वाफेने खाऊन उरलेला, दहा किलो कार्बन. म्हणजे माझी पंचवीस किलोची गोणी अडीचशे किलो करट्यांची. एका नारळाची करटी सव्वाशे ग्रॅम धरली तर दोन हजार नारळ. आमचे चौदा माड आहेत, पाडेली (नारळ पाडणारा) वेळेवर आला तर वर्षाला हजारभर नारळ उतरतात. दोन वर्षांचं आमच्या भाटातलं, म्हणजे माडांच्या बागेतलं, सगळं पीक त्या एका गोणीत. हे सांगितल्यावर हिने भावाची चर्चा बंद केली.

गोव्यात असा कारखाना का नाही, हाही प्रश्न लगेच येतो. आपल्याकडे नारळ फुटतो तो घराघरांत, आदोळीवर (विळीवर), रोज एक किंवा दोन. करटी ओली, खोबरं चिकटलेली, ती न्हाणीच्या चुलीत जाते किंवा कचऱ्याच्या गाडीत. कर्नाटकातलं तिपटूर, तमिळनाडूतलं कांगेयम या भागांत खोबऱ्याचा धंदाच मोठा, तिथे करट्यांचे डोंगर एका जागी मिळतात. भट्टीला रोज टनावारी माल लागतो, तो गावोगाव फिरून गोळा करायचा तर टेम्पोचं डिझेल करटीपेक्षा महाग पडेल. किनाऱ्यावर शहाळ्यांचे ढीग दिसतात त्यांचा इथे उपयोग नाही. शहाळ्याची करटी कोवळी असते, तिच्यात जीव नसतो. काजूच्या सालींचं म्हणाल तर त्या तेलकट. ते तेल हाताला लागलं तर कातडी सोलवटते, हे काजू भाजणाऱ्या बायकांना विचारा. तेल काढल्यावर उरलेल्या सालीचा कोळसा होतो, पण गोव्यात ती साल बहुधा बॉयलरमध्येच जाते. भाताचा तूस तर या कामाला मला आवडत नाही, त्यात वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकी राख आणि ती जवळजवळ सगळी सिलिका.

गोणी घरी आली त्या दिवशी मी जे केलं ते तुम्ही करू नका. टाकी रिकामी करून धुतली, तळाला गारगोट्या घातल्या आणि कार्बन सरळ गोणीतून कोरडाच ओतला. वर पाणी सोडलं. अर्ध्या तासाने खाली नातवाच्या आंघोळीच्या बादलीत काळं पाणी आलं, आणि दोरीवर टाकण्याआधी शेवटच्या पाण्यातून काढलेल्या माझ्या दोन पांढऱ्या सदऱ्यांचं काय झालं ते विचारू नका. सत्तावीस वर्षांचा अनुभव म्हणे! कोरड्या कार्बनच्या भोकांत हवा भरलेली असते. पाणी आलं की दाणे तरंगतात, वर चढतात आणि बारीक चुरा व्हॉल्व्हमधून निघून जातो.

सगळं उपसून परत केलं. बादल्यांत कार्बन घेतला, वर पाणी घातलं. कान लावलात तर कढईत मोहरी तडतडण्याआधी होते तशी बारीक चुरचुर ऐकू येते, ती हवा बाहेर पडण्याची. हात घातला तर पाणी किंचित कोमटही लागतं. चोवीस तास भिजत ठेवला, सहा पाणी धुतला, सहावं पाणी राखाडी आल्यावर टाकीत भरला. सोळा किलोत काम झालं. टाकीचा वरचा चाळीस टक्के भाग मुद्दाम रिकामा ठेवला, म्हणजे उलटं पाणी सोडून धुताना दाण्यांना उसळायला जागा राहते. तो सर्व्हिसवाला काठोकाठ भरायचा, तेव्हा ते धुणं कधी झालंच नसणार. एक गोष्ट मात्र मनावर घ्या: ओला कार्बन बंद जागेतला ऑक्सिजन ओढून घेतो. सोसायट्यांच्या मोठ्या टाक्यांत माणूस उतरवून कार्बन बदलतात, तिथे हवा तपासल्याशिवाय कुणाला उतरवू नका.

परिणाम पहिल्याच दिवशी कळला. क्लोरिन तपासायचे थेंब मिळतात, पोहण्याच्या तलावाला वापरतात ते. नळाच्या पाण्यात टाकले की पिवळं, फिल्टरच्या पाण्यात काहीच नाही. (थेंब टाकलेलं पाणी ओतून द्या, पिऊ नका.) सूनबाईने चहा केला आणि काही बोलली नाही. आमच्या घरात ही सर्वोच्च पसंती. क्लोरिनला कार्बन नुसता धरून ठेवत नाही, त्याच्याशी रासायनिक क्रिया करून त्याचं क्लोराइड करून टाकतो, म्हणून त्या कामाला तो बरीच वर्षं पुरतो. वासाच्या कामाला लवकर थकतो. मेमध्ये विहिरीचं पाणी सोडलं तेव्हा बाराव्या महिन्यात पानांचा वास पुसट जाणवू लागला. आता चौदावा. दिवाळीच्या आत बदलेन.

काय होत नाही, तेही ऐका. पाण्याचा खारेपणा, कडकपणा, टीडीएस (विरघळलेले क्षार) यांतलं काही कार्बन कमी करत नाही. जंतू मारत नाही. उलट क्लोरिन काढून घेतल्यावर पाण्याला राखणदारच राहत नाही आणि दाण्यांवर जंतू आरामात घर करतात. आम्ही प्यायचं पाणी कार्बननंतरही उकळतो. आणि लोखंड! आमच्या वरच्या वाड्यावर एका घरी विहिरीचं पाणी बादलीत रात्रभर ठेवलं की तळाला तांबडा गाळ बसतो. त्यांनी माझं बघून हाच कार्बन घातला, दोन महिन्यांत दाण्यांवर गंजाचा लेप बसला आणि माझ्या नावाने बोटं मोडली. त्या पाण्याला आधी हवा खेळवून, वाळूतून गाळून लोखंड काढायला हवं, मग कार्बन. त्यांना हे मी आधी सांगितलं नव्हतं, माझीच चूक.

उरलेल्या नऊ किलोंपैकी एक किलो शेजारच्या बाबल्याने नेला. त्याने कुठूनसं ऐकलं होतं की व्होडका कोळशातून गाळतात. ते खरंच आहे. याचा बेत असा की फेणी कार्बनमधून गाळली तर वास जाईल आणि घरी कळणार नाही. त्याने प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ कापला, कापसाचा बोळा घातला, वर कार्बन, आणि काजूची फेणी थेंब थेंब सोडली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेला घेऊन आमच्या सोप्यावर आला. मी हुंगलं. काजूचा वास खरोखर निम्म्याहून कमी झालेला. घोट घेतला तर कडक, कोरडं, नाव-गाव नसलेलं काहीतरी. बाबलो पेल्याकडे बघत राहिला. “भाई, ही फेणी न्हय,” म्हणाला, आणि उरलेली बाटली तशीच ठेवून दिली. २००९ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेल्या वस्तूचं त्याने एका रात्रीत स्पिरिट करून दाखवलं. वासाच्या कामात करवंटीचा कार्बन किती पक्का, याचा याहून चांगला दाखला माझ्यापाशी नाही.

जुना माल उन्हात वाळवून परत वापरा असं बरेच जण सांगतात. उन्हाने वरचं पाणी सुकतं, आत अडकलेलं सुटायला परत भट्टीच लागते. मी जुना कार्बन माडांच्या आळ्यांत टाकला. नुसत्या पाण्यावर वापरलेला होता, म्हणून. कारखान्यातला असता तर टाकला नसता.

मध्यंतरी त्या दुकानात परत गेलो. म्हटलं, शाई दाखवू नका, गिऱ्हाईक फसतं. नळाचं पाणी घ्या, दाण्यांच्या थरातून सावकाश गाळा आणि क्लोरिनचे थेंब टाकून दाखवा. त्याला थेंबांची बाटली माझ्या पैशांनी आणून दिली. त्याने करून बघितलं, पिवळं पाणी बिनरंगाचं झालं, खूश झाला. बाटली काउंटरवर गणपतीच्या तसबिरीशेजारी ठेवली.

गेल्या शुक्रवारी बाजारातून येताना आत डोकावलो. बाटली तसबिरीशेजारीच होती, सील पुन्हा चिकटपट्टीने बंद. काउंटरवर दोन ग्लास, निळे. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, “भाई, तुमचं बरोबर आहे. पण तुमच्या प्रकाराला अर्धा तास लागतो, आणि शुक्रवारी इथे उभं राहायला जागा नसते.”